ओबर्लिनचा हिशेब

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराच्या नैऋत्येला साधारण 55 किलोमीटरवर ओबर्लिन नावाचं छोटं गाव आहे. गावाची ओळख तिथल्या कॉलेजमुळे. 1833 साली स्थापन झालेल्या या कॉलेजनं 1835 पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि 1837 मध्ये मुलींना मुलांच्या बरोबरीनं पदवीच्या वर्गात बसवलं. अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती, त्या काळातली ही गोष्ट. याच कॉलेजातून 1885 साली बाहेर पडलेल्या चार्ल्स मार्टिन हॉल या तरुणानं पुढच्याच वर्षी, गावातल्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये विजेच्या साहाय्यानं ॲल्युमिनियम वेगळं काढण्याची स्वस्त पद्धत शोधली. आज सौरपॅनेलांच्या चौकटींपासून विमानांच्या पंखांपर्यंत सगळीकडे दिसणारं ॲल्युमिनियम मुळात त्याच पद्धतीनं तयार होतं. एक किलो ॲल्युमिनियमला आजही सुमारे 15 युनिट वीज लागते. वस्तू आणि ऊर्जा यांचं नातं किती घट्ट असतं, हे समजून घ्यायला यापेक्षा योग्य गाव सापडणं कठीण.

क्लीव्हलंडमधून वाहणारी कायाहोगा नदी 1969 च्या जूनमध्ये पेटली होती. पाण्यावर तेलाचा आणि कारखान्यांच्या मळीचा थर साचला होता आणि त्यानं पेट घेतला. ती नदी पूर्वीही अनेकदा पेटली होती, पण या वेळी देशभर चर्चा झाली आणि 1972 च्या जलशुद्धी कायद्यामागच्या जनमताला तिनं बळ दिलं. अशा प्रदेशातल्या कॉलेजात 1990 साली डेव्हिड ऑर हे प्राध्यापक पर्यावरण अभ्यास शिकवायला आले.

ऑर यांचं म्हणणं साधं होतं आणि त्यामुळेच टोचणारं होतं. पृथ्वीचं सर्वांत मोठं नुकसान अशिक्षितांनी केलेलं नाही. ते करणाऱ्यांच्या भिंतींवर उत्तमोत्तम विद्यापीठांच्या पदव्या टांगलेल्या आहेत. मग शिक्षणातच काहीतरी चुकतं आहे. ते कुठे चुकतं, हे शोधताना त्यांचं लक्ष वर्गातल्या फळ्यावरून वर्गाच्या भिंतींकडे गेलं. ज्या खोलीत हवामानबदलाचं व्याख्यान चालू आहे, त्या खोलीचे दिवे कोणत्या कोळशावर जळतात, तिचं सांडपाणी कुठे जातं, तिथली लाकडी बाकं कोणत्या जंगलातून आली, हे व्याख्यात्यालाही ठाऊक नसतं आणि ऐकणाऱ्यालाही नसतं. इमारत रोज, न बोलता, शिकवत असते की हे प्रश्न विचारायचे नसतात. ऑर यांना याच्या उलट शिकवणारी इमारत हवी होती.

ती इमारत त्यांनी एकट्यानं कल्पिली नाही. आधी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात तिचा विचार झाला, मग विद्यार्थी, अध्यापक आणि गावकरी यांच्या खुल्या बैठका झाल्या. वास्तुविशारद विल्यम मॅकडोना यांच्या कार्यालयानं आराखडा केला आणि 2000 साली ॲडम जोसेफ लुईस सेंटर उभं राहिलं. क्षेत्रफळ 13,600 चौरस फूट, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम कॉलेजातल्या एखाद्या विभागाएवढंच. पण ही छोटी इमारत थोडी फिरून पाहण्यासारखी आहे.

दक्षिणेकडे दोन मजली उंच काचेची भिंत आहे. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कलून खालून येतो, त्यामुळे जेव्हा ऊब हवी तेव्हाच ऊन आत खोल शिरतं. आत फरशी आणि जाड भिंती आहेत. त्या दिवसभर ऊन शोषतात आणि संध्याकाळी हळूहळू सोडतात. वर्गखोल्यांना ऊब आणि गारवा देण्यासाठी आवारात 24 बोअर मारलेल्या आहेत, प्रत्येकी 240 फूट खोल. त्या पाणी उपसण्यासाठी नाहीत. जमिनीखाली पुरेशा खोलीवर वर्षभर तापमान जवळपास स्थिर असतं. बाहेर बर्फ पडत असो की उन्हाळा तापत असो, जमीन आपली दहा-बारा अंशांवर असते. नळीतून फिरणारं पाणी हिवाळ्यात जमिनीतली ऊब वर आणतं आणि उन्हाळ्यात खोलीतली उष्णता खाली नेऊन सोडतं. मधलं यंत्र म्हणजे हीट पंप. आपला फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, तेच काम हा पंप गरजेप्रमाणे दोन्ही दिशांनी करतो. उष्णता नव्यानं निर्माण करायची नसून फक्त हलवायची असल्यामुळे विजेच्या एका युनिटात तीन ते चार युनिट उष्णता हाती येते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

इमारतीच्या एका टोकाला काचघर आहे आणि त्यात सांडपाणी शुद्ध होतं. जॉन टॉड या जीवशास्त्रज्ञानं विकसित केलेली ही पद्धत. शौचालयांतलं आणि बेसिनमधलं पाणी आधी हवाबंद टाक्यांत जातं, तिथे जिवाणू घन मळ कुजवतात. मग ते हवा सोडलेल्या टाक्यांतून आणि पुढे झाडं लावलेल्या उघड्या टाक्यांतून जातं. झाडांच्या पाण्यात लोंबणाऱ्या मुळांवर जिवाणूंच्या वसाहती वाढतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्रेट करतात, काही पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. गोगलगायी, बारीक प्राणी आणि वनस्पती उरलेलं खातात. शेवटी खडी भरलेल्या पाणथळ थरातून गाळून आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करून ते पाणी पुन्हा शौचालयांच्या फ्लशला वापरलं जातं. या काचघरात उभं राहिलं की नाल्यात काय होतं हे पुस्तकात वाचायची गरज उरत नाही. आपण काय टाकतो आणि त्याचं काय होतं, हे डोळ्यांसमोर असतं. ऑर यांच्या कल्पनेतला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

बाहेर हिरवळीच्या गालिच्याऐवजी ओहायोच्या मूळ जंगलातली झाडं, छोटी पाणथळ जागा, फळबाग आणि भाज्यांचे वाफे आहेत. छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं. आणि त्याच छतावर 60 किलोवॅटची सौरपॅनेलं आहेत. इमारत वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरेल, तेवढी स्वतः तयार करेल, अशी ही उमेद होती. वास्तुकलेच्या नियतकालिकांनी कौतुक केलं. पारितोषिकं आली. भेट द्यायला दूरदूरहून लोक येऊ लागले.

इथपर्यंतची गोष्ट अनेक पुस्तकांत सापडते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि माझ्या मते ओबर्लिनचं खरं मोल त्या पुढच्या गोष्टीत आहे.

त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे जॉन स्कोफील्ड हे प्राध्यापक होते. त्यांनी इमारतीच्या प्रत्यक्ष वीजवापराच्या नोंदी घेतल्या आणि जाहीर केलं की ही इमारत आपल्या दाव्याच्या आसपासही नाही. मुख्य दोष सापडला तो एका विजेच्या बॉयलरमध्ये. वर्गांना जमिनीतली ऊब मिळत होती, पण काचेच्या भिंतीमागचं उंच दालन आणि ताजी हवा आत घेणारी यंत्रणा गरम ठेवायला साधा विजेचा बॉयलर बसवलेला होता. त्यातल्या तारा तापतात आणि पाणी गरम होतं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं विजेचा याहून वाईट वापर नाही. ओहायोत त्या काळी बहुतेक वीज कोळशावर तयार होत असे. औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेच्या रूपानं तारेत येतो, बाकीची उष्णता धुरांड्यातून आणि थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून निघून जाते. म्हणजे या बॉयलरमधून एक युनिट ऊब मिळवायला कुठेतरी दूर तीन युनिटांचा कोळसा जळत होता. खोलीतच साधी गॅसची शेगडी लावली असती, तरी इंधन त्याच्या निम्म्याहून कमी जळलं असतं. उंच काचेचं दालन हिवाळ्याच्या रात्री उष्णता झपाट्यानं गमावतं आणि ओहायोचा हिवाळा महिनोन् महिने ढगाळ असतो, हे आणखी एक दुखणं. दिवसा शिरणाऱ्या उन्हाचा हिशेब ढगांनी बिघडवला.

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनंही इमारतीत मोजमापं बसवून स्वतंत्र अभ्यास केला, त्याचा अहवाल 2004 मध्ये आला. त्या नोंदींतही छतावरची वीज इमारतीच्या वापराच्या निम्म्यालाही पुरत नव्हती. त्याच वेळी हेही दिसलं की नेहमीच्या कॉलेजइमारतींपेक्षा तिचा वापर बराच कमी होता, आणि नियंत्रणं सुधारल्यावर तो आणखी खाली आला. इमारत फसलेली नव्हती. तिनं सांगितलेलं आणि तिनं केलेलं यांत अंतर होतं, आणि ते अंतर आता आकड्यांत सर्वांसमोर होतं. 2006 साली शेजारच्या वाहनतळावर 100 किलोवॅटची आणखी पॅनेलं छपरासारखी उभारली गेली. त्यानंतर वर्षाच्या हिशेबात इमारत वापरापेक्षा जास्त वीज तयार करू लागली.

यावरही स्कोफील्ड यांचा आक्षेप होताच, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. शेजारी आणखी पॅनेलं लावून बेरीज जुळवता येते, पण त्यामुळे इमारत काटकसरी ठरत नाही. पॅनेलं कुठल्याही मैदानात लावता येतात आणि त्यांची वीज कुठल्याही इमारतीच्या खात्यावर टाकता येते. इमारतीचं मूल्यमापन करायचं तर ती किती वापरते हे आधी पाहायला हवं, किती बनवते हे नंतर. पुढे 2009 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ‘लीड’ हे हरित प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींच्या आकडेवारीची नव्यानं मांडणी केली. हरित प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष ऊर्जाबचत यांचं नातं समजलं जातं तितकं पक्कं नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कॉलेजचा सर्वांत गाजलेला प्रकल्प त्याच कॉलेजातल्या प्राध्यापकानं जाहीरपणे तपासला आणि त्यासाठी लागणाऱ्या नोंदी उपलब्ध होत्या. हे कुणालाच सुखाचं झालं नसेल. पण शिकवणारी इमारत हवी होती ना? मग तिनं हेही शिकवलंच. दावा केला की तो मीटरसमोर उभा करायचा, आणि मीटरवर जे येईल ते मान्य करून बॉयलर बदलायचा, नियंत्रणं बदलायची, पॅनेलं वाढवायची. हा धडा काचेच्या भिंतीपेक्षा टिकाऊ आहे.

मीटरची हीच ताकद वसतिगृहांत फार वेगळ्या रीतीनं दिसली. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वीजबिल कधीच दिसत नाही. ते फीमध्ये मुरलेलं असतं. दिवा चालू राहिला काय आणि बंद झाला काय, त्याला काहीच फरक पडत नाही. ओबर्लिनचेच जॉन पीटरसन हे प्राध्यापक आणि त्यांचे काही विद्यार्थी यांनी 2005 च्या वसंतात एक प्रयोग केला. 22 वसतिगृहांमध्ये दोन आठवड्यांची बचतीची स्पर्धा लावली. दोन वसतिगृहांत विजेचा वापर क्षणोक्षणी संगणकाच्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. उरलेल्या वीस ठिकाणी आठवड्यातून एकदा मीटर वाचून आकडा कळवला. निकाल 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व वसतिगृहं मिळून विजेचा वापर 32 टक्क्यांनी उतरला. ज्यांना क्षणोक्षणी आकडा दिसत होता, त्या दोन वसतिगृहांत तो 55 टक्क्यांनी कमी झाला, तर आठवड्याच्या नोंदीवर असलेल्यांत 31 टक्क्यांनी. एकूण 68,300 युनिट वाचले, तेव्हाच्या दरानं 5,107 डॉलर. पाण्याची बचत मात्र 3 टक्क्यांवर अडकली.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. स्पर्धा दोनच आठवड्यांची होती, बक्षीस होतं, प्रचार होता, आणि क्षणोक्षणीचा आकडा दिसणारी वसतिगृहं फक्त दोन होती. यातला किती परिणाम पडद्याचा आणि किती चुरशीचा, हे वेगळं काढता येत नाही. विद्यार्थ्यांनी रात्री कॉरिडॉरमधले दिवे बंद ठेवले, थंड पेयांच्या यंत्रांचे प्लग काढले. असले उपाय वर्षभर चालतीलच असं नाही. तरीही एक गोष्ट ठामपणे दिसते. त्या दोन आठवड्यांत कुणी नवी यंत्रं बसवली नव्हती, भिंतींना लेप दिला नव्हता. वायरिंग तेच, दिवे तेच, मुलं तीच. लपलेला आकडा डोळ्यांसमोर आला, चुरस लागली आणि एक तृतीयांश वापर सुटला. पुढे काही वसतिगृहांच्या दारात काचेचे गोळे बसले. वापर नेहमीपेक्षा कमी असला की हिरवे, वाढला की लाल. जाता-येता रंग दिसतो, आकडे वाचायचीही गरज नाही. प्रयोगात काम केलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी पुढे हीच मोजणी व्यवसाय म्हणून इतर कॉलेजांपर्यंत नेली.

आपल्याकडे पर्यावरण शिक्षणाची कागदोपत्री बाजू बरीच मजबूत आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण हा विषय सर्व पातळ्यांवर शिकवण्याचा आदेश दिला. 2003 मध्ये न्यायालयानं पुन्हा कान उपटल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातले डॉ. एरक भरुचा यांनी लिहिलं. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात सातव्या निकषाखाली सौरऊर्जा, एलईडी दिवे, पर्जन्यजल संकलन, ऊर्जा लेखापरीक्षण, हरित लेखापरीक्षण यांना गुण मिळू लागले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या असंख्य कॉलेजांच्या छतांवर पॅनेलं आली, आवारात गांडूळखताचे खड्डे आले, हे चांगलंच झालं. पण लेखापरीक्षणाचा अहवाल बहुधा मूल्यांकन समितीच्या भेटीच्या आधी तयार होतो आणि नंतर कपाटात जातो. महावितरणचं बिल लेखा विभागात येतं आणि तिथेच भरलं जातं. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटर वाचतो, पण आपल्या वसतिगृहाच्या मीटरपाशी त्याला कुणी कधी नेत नाही.

ओबर्लिनच्या काचेच्या भिंतीची नक्कल आपण करू नये. लातूर-जळगावच्या उन्हात ती इमारतीची भट्टी करेल. आपला प्रश्न ऊब मिळवण्याचा नाही, ऊन अडवण्याचा आहे. त्याला पडव्या, उंच छत, आरपार वारा, छतावर पांढरा चुना ही उत्तरं आपल्याकडे आधीपासून आहेत. पाण्याचं गणितही वेगळं आहे. एरी सरोवराच्या जवळ राहणाऱ्या ओबर्लिनकरांनी 3 टक्के पाणी वाचवणं आणि मराठवाड्यातल्या वसतिगृहानं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी आहेत. पण प्रत्येक वसतिगृहाला वेगळं मीटर, त्याचा आकडा जेवणघराच्या भिंतीवर, आणि त्याची दरमहा नोंद ठेवणारे त्याच कॉलेजचे विद्यार्थी, हे मात्र जसंच्या तसं उचलता येईल. त्याला लाखोंचा निधी लागत नाही. आकडा वाईट आला तरी तो भिंतीवर तसाच राहू द्यायचा, एवढं धैर्य लागतं.

ओबर्लिनलाही अवघड भाग पुढेच होता. एक देखणी इमारत आणि उत्साही वसतिगृहं यांनी कॉलेजच्या एकूण प्रदूषणाला फारसा धक्का लागत नव्हता, कारण आवारात कोळशावर चालणारं वाफेचं केंद्र होतं. शंभर वर्षं जुन्या पद्धतीनं तिथली वाफ नळांवाटे सगळ्या इमारतींना ऊब पुरवायची. 2006 मध्ये कॉलेजनं 2025 पर्यंत कर्बसमतोल साधण्याचं वचन दिलं. 2012 मध्ये आवाराच्या उत्तरेला 2.27 मेगावॅटचं सौरक्षेत्र उभं राहिलं. गावाचा वीजपुरवठा नगरपालिकेचाच आहे, आणि तिनंही कचराभूमीतला वायू, जलविद्युत अशा स्रोतांकडे बराच मोर्चा वळवला. 2014 मध्ये वाफेच्या केंद्रातला कोळसा थांबला आणि नैसर्गिक वायू आला. वायूतून कर्ब कमी सुटतो, पण सुटतोच.

खरी अडचण वाफेतच होती. वाफ शंभर अंशांच्या वर असते, तेवढं तापमान जमिनीतल्या उबेवर चालणारा पंप सहज देऊ शकत नाही. शिवाय जुन्या नळांतून वाटेतच कितीतरी उष्णता हरवते. म्हणून कॉलेजनं 2021 पासून सगळी व्यवस्था उखडायला घेतली. वाफेचे नळ काढून कमी तापमानाच्या गरम पाण्याचे नळ घालायचे, प्रत्येक इमारतीतली यंत्रणा त्याप्रमाणे बदलायची आणि उष्णतेसाठी सुमारे 600 फूट खोल अशा 850 च्या आसपास बोअर मारायच्या. 2000 साली एका इमारतीपुरत्या 24 बोअर होत्या, त्याच तत्त्वाचा हा संपूर्ण आवारावर केलेला विस्तार. तेव्हा बॉयलरमध्ये विजेच्या एका युनिटाची एकच युनिट ऊब होत होती. आता त्याच एका युनिटात तीन-चार युनिट ऊब मिळवून सबंध कॉलेज गरम ठेवायचं आहे. खर्च सुमारे 14 कोटी डॉलर. कॉलेजनं त्यासाठी रोखे काढले. वर्ग रिकामे असतील तेव्हाच नळ उखडता येतात, म्हणून मोठी खोदाई उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये उरकायची, असं काही वर्षं चाललं.

या नव्या व्यवस्थेतून हिवाळ्यात ऊब जाते, तसा उन्हाळ्यात गारवाही जाऊ शकतो. त्यामुळे आजवर वातानुकूलन नसलेल्या काही जुन्या इमारतींनाही आता ते मिळतं आहे. ओहायोचे उन्हाळे तापत चालले आहेत, विद्यार्थ्यांची मागणी रास्त आहे. पण जिथे उन्हाळ्यात पूर्वी एकही युनिट गारव्यासाठी लागत नव्हतं, तिथे आता लागेल. ते किती लागेल, आणि वाफ काढून वाचवलेल्यातलं किती त्यात जाईल, याची नोंद प्रत्येक इमारतीच्या मीटरवर होत राहणार आहे.